दोन चुलत भाऊ, एक झेन आणि माझी वही

वहीत नोव्हेंबरातल्या त्या रविवारच्या मोटर स्पर्धेच्या पानावर दोन ओळी आहेत, वेळा सेकंदांत. धाकटा: ७१.४, ७१.९, ७१.६. थोरला: ७६.८, ७४.०, ७२.३. तीन फेऱ्यांतला सगळ्यांत कमी वेळ धरायचा हा आमचा नियम, म्हणजे धाकटा ०.९ सेकंदाने पहिला. गाडी एकच, टायर तेच, पेट्रोलही एकाच कॅनमधलं. शेवटची फेरी संपून धुरळा खाली बसायच्या आत जालना रस्त्यालगतच्या त्या मुरमाच्या मैदानावर निकालाचा अर्थही लागून गेला होता: पोरगं जन्मजात आहे, कोर्स-बिर्स करून कुणी ड्रायव्हर होत नसतो.

त्याच पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली आणखी एक ओळ आहे. ती निकालात धरलेली नाही. हे प्रकरण तिच्यामुळे लिहायला घेतलं.

मैदान आणि माणसं

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला २७ वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर इथल्या हौशी मोटर क्लबच्या पोरांनी घड्याळ माझ्या हाती दिलं, कारण मी कुणाच्या बाजूचा नाही असं त्यांना वाटतं. वही मी स्वतःच्या हौसेने ठेवतो.

ज्यांनी ऑटोक्रॉस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोकळ्या मैदानावर कोन आणि पिंपं मांडून रस्ता आखायचा. एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत घड्याळाशी. आमचा रस्ता साधारण ८०० मीटरचा असतो. तो सकाळीच उघड करतात. सगळ्यांनी पायी फिरून बघायचा, गाडीने सराव करायचा नाही, मग प्रत्येकी तीन फेऱ्या. कोन पडला तर ३ सेकंद दंड. हेल्मेट, पट्टा आणि उभी ॲम्ब्युलन्स नसेल तर मी घड्याळ खिशातून काढत नाही.

धाकटा २२ वर्षांचा, घनसावंगी तालुक्यातला. घरची शेती जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, म्हणजे ऊस आलाच. माझाच विद्यार्थी. थोरला त्याचा चुलत भाऊ, वयाने आठ वर्षांनी मोठा, वाळूजच्या एमआयडीसीत इंजिनियर. ९९३ सीसीची जुनी मारुती झेन गाडी त्याची. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर त्याने तीन दिवसांचा कोर्स केलाय, कोल्हापूरला जाऊन कार्टिंग केलंय, आणि घरी टेबलाला स्टिअरिंग बांधून कॉम्प्युटरवर रात्री-रात्री गाडी चालवतो. धाकट्याने नोव्हेंबरपर्यंत स्पर्धा हा प्रकार एकदाच पाहिला होता, तोही दादासोबत जेवणाचा डबा घेऊन आला म्हणून. या वेळी दादाच म्हणाला, तूही बस एकदा. दोघांची नावं लिहीत नाही. गावातही त्यांना धाकटा-थोरलाच म्हणतात.

पेन्सिलीची ओळ

बक्षीस वाटून झालं आणि माणसं भज्यांच्या गाड्याकडे वळली. मैदान संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच होतं. थोरला म्हणाला, "सर, अजून दोन-चार फेऱ्या मारू का? मला तो मधला डावा टर्न अजून सापडला नाही." मी म्हटलं, मारा दोघंही, मी वेळ घेतो.

चौथी, पाचवी, सहावी. थोरला: ७१.८, ७१.३, ७१.०. धाकटा: ७१.७, ७१.५, ७१.७.

हे बघायला तिथे मी, कोन गोळा करणारी दोन पोरं आणि एक कुत्रं होतं. सहा फेऱ्यांची स्पर्धा असती तर हलगी थोरल्यासाठी वाजली असती आणि संध्याकाळपर्यंत गावात बोलणं झालं असतं की शिक्षणासारखी गोष्ट नाही. त्याच दोन पोरांबद्दल, त्याच दिवशी.

त्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिलो. धाकटा पहिल्या फेरीतच त्याच्या वेगाला पोचला आणि तिथेच थांबला. थोरला दर फेरीला काहीतरी उचलत गेला: ७६.८ वरून ७१.०, जवळजवळ सहा सेकंद. तीन फेऱ्यांची स्पर्धा एकच गोष्ट मोजते, अनोळखी रस्ता माणसाला किती लवकर कळतो. त्या मोजमापाला आपण टॅलेंट हे नाव देऊन बसलोय. सर्किटवर शेकडो फेऱ्या मिळतात, तिथे टॅलेंट म्हणजे दुसरंच काही असतं. फेऱ्या किती द्यायच्या हे कमिटी मैदानाच्या भाड्याकडे आणि उन्हाकडे बघून ठरवते, त्यात दैवी काही नाही.

मग पुढचा प्रश्न: धाकट्याला रस्ता पहिल्याच फेरीत कसा कळला?

धुऱ्याशी वळणारा ट्रॅक्टर

उत्तर त्याच्या शेतात होतं, आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. "सर, मी कधी प्रॅक्टिस केलीच नाही," असं तो अगदी खरेपणाने सांगायचा.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर ते कडीने जोडून घेतात, शेतात कडी काढतात. तास, म्हणजे रानातली एक सरळ ओळ, संपून धुऱ्याशी, म्हणजे रानाच्या कडेशी, आलं की आतल्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबायचा, रेस धरून ठेवायची, म्हणजे ट्रॅक्टर त्या चाकाभोवती जागच्या जागी फिरतो. कमी दाबला तर वळण मोठं होऊन पट्टी नांगरायची राहते. जास्त दाबला तर चाक मातीत खड्डा करतं. किती दाबायचा ते माती ओली की कोरडी त्यावर.

आता हिशोब करू. एक एकर चौकोनी रान धरलं तर बाजू साधारण ६४ मीटर. दीड मीटर रुंदीचा रोटाव्हेटर असेल तर एकराला ४३ ओळी, म्हणजे ४३ वळणं. दिवसाला पाच एकर केलं तर दोनशेच्या वर. महिनाभर भाड्याने ट्रॅक्टर फिरला तर सहा हजार. हा पोरगा अकराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर बसतोय. (ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. होतं, एवढंच.) प्रत्येक वळणाचा निकाल त्याच क्षणी मागे वळून दिसतो, आणि निकाल वाईट असेल तर धुऱ्यावरून वडिलांचा आवाज येतो. इतका चोख कोच कोइमतूरलाही मिळायचा नाही.

शिवाय ऊस. ओल्या काळ्या रानातून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढून काढताना मागची चाकं फिरतात आणि ट्रॅक्टर पुढे जात नाही, कधी पुढची चाकं उचलतात. चाक पकड सोडतंय हे त्या वेळी डोळ्यांना दिसायच्या आधी इंजिनाच्या आवाजातून कळतं. मी त्याला विचारलं होतं, मुरमावर गाडी सुटतेय हे तुला कधी कळतं? तो म्हणाला, "आवाज पातळ होतो ना सर. चाक फिरायलंय अन् गाडी जाईना, असा आवाज." सत्तावीस वर्षं फळ्यावर घर्षण शिकवलेला माणूस मी, हे वाक्य माझ्या एकाही नोट्समध्ये नव्हतं.

आमच्याकडे शंकरपटात बैल पळाला की पारावरची म्हातारी माणसं त्याची पैदास सांगतात, कुणाच्या गाईचा, कुठल्या वळूचा. रोज पहाटे त्याला फेरीला नेणारा पोरगा त्या गोष्टीत नसतो. धाकट्याच्या बाबतीत तोच प्रकार. फरक इतकाच की इथे बैल आणि पोरगा एकच.

मी केलेली चूक

डिसेंबरात मी त्याला शिकवायला घेतलं. हेतू चांगला होता. हात नऊ आणि तीनवर ठेव, सरळ रस्त्यावरच ब्रेक मारून घे, ब्रेक हळू सोड, मग स्टिअरिंग, वळणाचा टोक-बिंदू (गाडी आतल्या कडेच्या सर्वांत जवळ जाते ती जागा) गाठ, मग रेस. एकही गोष्ट चुकीची नव्हती. पुस्तकात आहे तशीच होती.

जानेवारीच्या स्पर्धेत धाकट्याची पहिली फेरी ७१.२, उत्तम फेरी ६८.९. थोरला ६७.३. तोवर धाकट्याची पहिली फेरी कधी वाईट गेली नव्हती. मी बाहेरून बघत होतो. पोरगा गाडीत बसून माझे धडे आठवत होता, वळण आलं की अर्धा सेकंद थांबून हात बघत होता. खाली उतरला तो रडवेला. "सर, आधी बरं जमत होतं."

हा अनुभव एकट्या माझा नाही. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्की-सिम्युलेटरवर प्रयोग केला होता. एका गटाला स्वतःच्या पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला पायाखालच्या यंत्राच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. अंगात मुरलेली हालचाल सुटी करून एकेक तुकडा तपासायला लागलं की ती अडखळते. जिना उतरताना पायांचा विचार करून बघा.

मी हात-पाय सोडून दिले. मैदानाच्या पूर्वेला एक बाभूळ आहे. त्याला म्हटलं, लांब वळणातून बाहेर पडताना बोनेट त्या बाभळीकडे जायला हवं, बाकी काय करायचं ते तुझं तू बघ. तीन फेऱ्यांत वळणाची रेषा बदलली. तो ब्रेक आधी लावू लागला, आत उशिरा शिरू लागला, रेस लवकर देऊ लागला. महिनाभर हेच सांगून मी थकलो होतो. बाभळीने पंधरा मिनिटांत शिकवलं.

पिंपाभोवती

फेब्रुवारीत मी रस्त्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यावर एक पोरगा घड्याळ घेऊन उभा केला. पूर्ण फेरीचा वेळ फक्त कोण हरला ते सांगतो. कुठे हरला ते तुकडे सांगतात. हौशी मंडळी महागडे टायर घेतात आणि ही फुकटची गोष्ट करत नाहीत.

नागमोडी कोनांत दोघं बरोबरीत. लांब वळण आणि त्यापुढच्या दीडशे मीटरच्या सरळ पट्टीत थोरला पुढे. आणि पिंपाला वळसा घालून उलट फिरायच्या जागी धाकटा पुढे, दर वेळी अर्ध्या सेकंदाहून जास्त.

थोरल्याला हे पटेना. कोर्समध्ये शिकवलं होतं की वळण जितकं मोठं घ्याल तितका वेग टिकतो. तो पिंपाभोवती ऐसपैस गोल घ्यायचा. धाकटा हँडब्रेक ओढून मागची चाकं घसरवायचा आणि पिंपाला जवळजवळ घासून फिरायचा, त्याच्या लेखी तो धुराच होता. मी फळा नसल्याने गाडीच्या धुळकट काचेवर हिशोब मांडला.

मुरमावर पकड (घर्षणाचा गुणांक) साधारण ०.५ धरली तर १२ मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी २७-२८ किमीच्या वेगाने टिकते. अर्धा गोल सुमारे ३८ मीटर, त्याला ४.९ सेकंद. ६ मीटर त्रिज्येत वेग ताशी १९-२० किमीच, पण अंतर १९ मीटर, म्हणजे ३.५ सेकंद. वळणातच १.४ सेकंद वाचले. बाहेर पडताना वेग कमी असतो त्याची किंमत पुढच्या पट्टीत मोजावी लागते, पण आमच्याकडे पिंपानंतर जेमतेम २५ मीटरवर पुढचा कोन होता. तेवढ्या अंतरात मोठ्या गोलाचा फायदा अर्ध्या सेकंदाच्या आसपास. जादा ब्रेक लावायला पाव सेकंद. सगळं वजा जाता अर्धा-पाऊण सेकंद लहान गोलाच्या खिशात. हँडब्रेकने तर त्याहून चटकन फिरता येतं.

लांब वळणात गणित उलटं. पुढे दीडशे मीटर मोकळे आहेत, तिथे ताशी ४० ऐवजी ४५ ने बाहेर पडलं तर झेनसारख्या गाडीला त्या पट्टीत ०.४ सेकंद मिळतात. धाकटा तिथे कधी कधी जुन्या सवयीने उशिरा ब्रेक मारून जोरात घुसायचा. बघणाऱ्यांना थरार वाटायचा, आणि बाहेर पडताना गाडी मेलेली असायची.

थोरला काचेकडे बघत म्हणाला, "म्हणजे मला शिकवलं ते खोटं नव्हतं. ते इथलं नव्हतं." त्या महिन्यात दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या शेजारच्या सीटवर बसले. धाकटा दादाला हँडब्रेक शिकवत होता: "दादा, ओढायचा अन् सोडायचा. धरून काय बसलास?"

अवकाळी

मार्चमधल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री अवकाळी आली. जालन्याकडे मोसंबीच्या बागांवर गारा पडल्या, आमच्याकडे नुसता पाऊस. मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरमाखालून काळी माती वर आलेली आहे. सकाळी तिथे बुटाला चार-चार किलो चिखल. निम्म्या स्पर्धकांनी पैसे परत मागितले.

धाकटा ७४.०, थोरला ७८.६. साडेचार सेकंदांचा फरक. आठशे मीटरात हा फरक म्हणजे हसं होतं. जन्मजातवाले पुन्हा बोलू लागले. मी बघत होतो की पायी फिरताना तो काय करतो. बाकीचे कोन मोजत होते, हा माती मोजत होता. तीन ठिकाणी वाकला, चिमटीत माती धरून दाबली. चिखलाच्या कोपऱ्यात शिरायच्या आधीच त्याने दुसरा गिअर टाकून ठेवला आणि आत गेल्यावर रेस ना वाढवली ना सोडली. ओल्या रानात ट्रॅक्टर असाच काढतात. थोरल्याने मध्येच रेस दिली, चाकं फिरली, गाडी आडवी.

या विजयानंतर गावातल्या उत्साही पोरांनी त्याला समृद्धी महामार्गावर नेऊन रील काढायचा घाट घातला. मी धाकट्याच्या वडिलांना फोन केला. अण्णांनी काय केलं माहीत नाही, पण रील निघाली नाही. ज्याला वेगाची हौस आहे त्याने मैदानावर यावं, तिथे समोरून कुणाचं लेकरू येत नाही.

डांबर

एप्रिलची स्पर्धा एका बंद गोदामाच्या डांबरी आवारात होती. तोच क्लब, तीच झेन, कोन तेच.

पहिली फेरी: थोरला ५८.२, धाकटा ६१.०. तिसरी: थोरला ५७.९, धाकटा ५९.४. मुरमावरचा राजा चौथ्या क्रमांकावर आला. कुणी म्हणालं, झोप झाली नसेल. झोप खरंच झाली नव्हती, गळीत हंगाम संपत आला होता आणि कारखान्याबाहेरच्या ट्रॉल्यांच्या रांगेत तो दोन रात्री ट्रॅक्टरवरच होता. पण कारण तेवढंच नव्हतं.

झेनला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. सुट्या मुरमावर चाकं जाम केली तर त्यांच्यापुढे मुरमाचा ढीग साचतो आणि गाडी उलट लवकर थांबते. धाकट्याचा पाय याला सरावलेला. डांबरावर जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, टायर एका जागी घासून चपटा होतो, आणि स्टिअरिंगचं काही चालत नाही. तिथे चाक जाम व्हायच्या किंचित अलीकडे पाय धरून ठेवावा लागतो, जे थोरला कोइमतूरला शिकून आला होता. ताशी ६० च्या वेगावरून थांबायला चांगल्या डांबरावर साधारण १६ मीटर पुरतात, मुरमावर २८ लागतात. दहा-बारा मीटरचा हा फरक धाकट्याच्या डोळ्यांत नव्हता. तो प्रत्येक वळणाआधी फार लवकर ब्रेक मारत होता, आणि तोही जाम.

संध्याकाळी मी पुन्हा आवार मोकळं करून घेतलं. यावेळी पेन्सिलीची ओळ धाकट्याची होती. चौथ्या फेरीपासून अकराव्या फेरीपर्यंत तो ५८.३ वर आला. थोरला शेजारच्या सीटवर बसून एकच शब्द म्हणत होता: "थांब... थांब... आता."

मग हातचं काय उरतं

इथवर वाचून कुणी म्हणेल की सर, म्हणजे सगळा सरावच, टॅलेंट काही नाही. एप्रिलच्या पानापर्यंत मीही तसंच म्हणत होतो. मग मला आमच्या क्लबमधली बाकीची ट्रॅक्टरवाली पोरं आठवली.

धाकट्याला धरून अशी सहा आहेत. सगळी उसाच्या पट्ट्यातली, सगळी लहानपणापासून ट्रॅक्टरवर बसलेली, वळणांचा हिशोब तोच सहा हजारांचा. त्यातली पाच ठीकठाक चालवतात आणि ठीकठाकच राहिली आहेत. एकाने दोन वर्षांत चाळीसच्या वर फेऱ्या मारल्या, सुधारणा एक सेकंदाची. त्याच्या वळणांतून पट्टी राहिली तर तो म्हणतो, राहू दे, कुळवाने निघेल.

१९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा सराव सरासरी ७,४०० तासांच्या घरात, त्याखालच्या गटाचा ५,३०० च्या. यातून पुढे दहा हजार तासांचा मंत्र निघाला आणि कोचिंग क्लासच्या फलकांवर जाऊन बसला. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र पडताळणी केली, तेव्हा खेळांत माणसा-माणसांच्या कामगिरीतल्या फरकापैकी मुद्दाम केलेल्या सरावाने सुमारे १८ टक्केच समजावून सांगता आला. उरलेलं सगळं जन्मजात, असा याचा अर्थ नाही. त्यात किती वयात सुरू केलं, कोण भेटलं, अंगकाठी, पैसा, नशीब हे सगळं कोंबलेलं आहे. पण दहा हजार तास मोजून दिले की झालं, असं म्हणायची सोय राहत नाही.

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण नारायण कार्तिकेयन. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. उपजत वेगाचं उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतात. वडील रॅली ड्रायव्हर, गाव कोइमतूर, आणि १९९२ मध्ये फ्रान्सच्या रेसिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

धाकट्याकडे त्या पाच जणांपेक्षा वेगळं काय, याचं माझं उत्तर अर्धवट आहे. मला दोन गोष्टी दिसल्या. एक, चूक झाली की त्याला राग येत नाही, कुतूहल वाटतं. खाली उतरून तो चाकाच्या खुणा बघायला जातो. दोन, त्याचे हात सैल असतात. गाडी आडवी झाली तरी खांदे वर चढत नाहीत. पहिली गोष्ट बहुधा घरातून आली असावी, अण्णा तसेच आहेत. दुसरी कुठून आली ते मला सांगता येत नाही, आणि तिला कुणी उपजत म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण मग थोरल्याची चिकाटी, सहाव्या फेरीपर्यंत मधला डावा शोधत राहण्याची, तीही उपजतच म्हणायला हवी. ती मात्र कुणी म्हणत नाही. तिला आपण मेहनत म्हणतो आणि जरा खालच्या पाटावर बसवतो.

एक गोष्ट माझ्या वहीत आकड्यांनी नाही, पण जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. आमचा स्पर्धांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, तोच गळिताचा. थोरल्याला रविवार मोकळा असतो. धाकटा चारपैकी दोन स्पर्धांना कारखान्याच्या रांगेतून थेट आला. थोरल्याने कोर्सची फी पगारातून भरली. धाकट्याला तो कोर्स करायचाय, पण तेवढ्या पैशांत ट्रॅक्टरचे मागचे टायर रिमोल्ड होतात, आणि ते होणं आधी गरजेचं आहे. पुढच्या वर्षी सकाळी तीन फेऱ्या निकालासाठी आणि दुपारी आणखी तीन, वेगळ्या बक्षिसासाठी, असं मी कमिटीपुढे मांडलंय. भाडं वाढेल म्हणून दोघे सभासद तयार नाहीत.

जून

मृगाच्या आधी रान तयार करायची घाई होती तेव्हा मी त्यांच्या शेतावर गेलो. थोरला सुट्टी काढून आला होता. ट्रॅक्टरवर तो, आणि मडगार्डवर हात ठेवून खाली चालणारा धाकटा. ब्रेकची कडी काढलेली. पहिल्या धुऱ्याशी थोरल्याने ब्रेक जास्त दाबला, चाकाने खड्डा केला. दुसऱ्या वेळी कमी, चांगली चार हातांची पट्टी राहिली. तिसऱ्या वेळी ट्रॅक्टर बंद पडला.

अण्णा बांधावर माझ्या शेजारी उभे होते. ते ओरडले, "इंजिनियरसाहेब, ही पट्टी कोण नांगरणार, तुमचा कॉम्प्युटर?"

"काका, थांबा की! सहाव्या वेळेला जमतं मला," थोरला वरून म्हणाला.

धाकटा हसत माझ्याकडे आला आणि हात पुढे केला. "सर, घड्याळ द्या."